तुमच्याशिवाय आरती सुरू करत नाही

मागच्या महिन्यात वाईला एका साखरपुड्याला गेले होते. घाटाजवळचं जुनं मंगल कार्यालय, वर पत्रा, खाली उकाडा, आणि मसालेभातात मिसळलेला ओल्या केळीच्या पानांचा वास. दुसऱ्या पंगतीला आम्ही बायका बसलो. माझ्या शेजारी माझी मावसबहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, मी तिला नुसतं ताई म्हणते. पानात मीठ, लिंबू, चटणी पडली तेवढ्यात वाढायला उभे असलेले एक काका मोठ्याने म्हणाले, "काय, महाराजांनी सुट्टी दिली वाटतं आज?" पंगत हसली. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. ताईने पानाला नमस्कार केला आणि वरणभात कालवायला घेतला. साडेचारला ती निघाली म्हणून मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेले. तिला एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन ती स्पीकरवरच घेते. साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. तिचं माहेरचं नाव घेऊन, पुढे ताई लावून, एक बाईचा आवाज म्हणाला, "निघालात का वाईहून? सावकाश या हं. तुमच्याशिवाय आरती सुरू करत नाही."

"आले, आले," ताई म्हणाली. तिने पदर सारखा केला आणि गाडी अजून लागलेलीही नसताना उठून उभी राहिली. तो चेहरा मला पंगतीत दिसला नव्हता. मी कार्यालयात परत आले तेव्हा सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढणं चाललं होतं. कोण राहिलं, कोण राहिलं, असं दोनदा विचारून झालं. ताई राहिली आहे असं कुणीच म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.

माझ्यासाठी कुणी काही थांबवून ठेवतं का, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही.

ती ज्या 'परिवारा'त जाते त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नावाने काही फरक पडत नाही, प्रत्येक गावात एक तरी असतोच. गुरुवारी बैठक, रोज सात वाजता आरती, सेवेच्या पाळ्या, भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो. मला अडकवून ठेवलं ते तिच्या माहेरच्या नावाने. ताईचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजच्या उंबरठ्यावर होते. ताम्हनात तांदूळ पसरलेले, त्यात भावोजींनी अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. बावीस वर्षं जे नाव ऐकून ती मान वळवायची ते त्या दिवशी संपलं. पुढे रेशन कार्ड, विजेचं बिल, मुलाच्या शाळेचा दाखला, सगळीकडे तांदळातलं नाव. त्या परिवाराच्या नोंदणीच्या कागदावर एक रकाना होता, 'जन्मनाव'. तिने भरला. तेव्हापासून तिथे तिला त्याच नावाने हाक मारतात. हे तिने मला बऱ्याच वर्षांपूर्वी सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता. मी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

पंथात गेलेल्या माणसाला नवं नाव देतात, वेगळे कपडे देतात, जुनी माणसं तोडायला लावतात, असं आपण वाचतो आणि अंगावर काटा येतो. पण आपल्याकडच्या किती बायकांनी हे सगळं एका दिवसात, सनईच्या सुरात, आईवडिलांच्या संमतीने केलेलं आहे. नवं नाव घेऊन नव्या घरात शिरणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मी पुण्यात वाढले, त्यामुळे असा पंथ मी पेपरात वाचायच्या आधी रस्त्यावर पाहिला. रजनीशांचा आश्रम कोरेगाव पार्कात सुरू झाला १९७४ साली. मी तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. बंडगार्डनला फिरायला नेलं की भगवे झगे दिसायचे, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, माळेत त्यांच्या फोटोचं लॉकेट. गोऱ्या बाया नावाआधी 'मा' लावायच्या, पुरुष 'स्वामी' व्हायचे. दोघं भेटले की रस्त्यातच मिठी मारायचे, आणि ती मिठी लवकर सुटायची नाही. आई माझा हात ओढून मला पुढे न्यायची. बाबा विज्ञानाचे शिक्षक. ते म्हणायचे, पोट भरलेल्यांची दुखणी आहेत ही. मला मात्र ती मिठी आठवत राहायची. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नसे. परगावी जाताना वाकून नमस्कार, परत आल्यावर "जेवलीस का?", एवढ्यात सगळं प्रेम बसवलेलं असायचं.

१९ जानेवारी १९९०. मी तेव्हा वाडियाला शेवटच्या वर्षात होते. कोरेगाव पार्कात राहणारी एक मैत्रीण दुसऱ्या दिवशी सांगत आली की रात्री ओशोंना, म्हणजे रजनीशांनाच, गात, नाचत घाटावर नेलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मयताला नाचतात ही माणसं!" मैत्रीण दाराशीच थबकली आणि हळूच म्हणाली, "काका, रडतही होती हो."

त्यानंतर चौदा वर्षांनी मी स्वतः त्या आश्रमाच्या दारातून आत गेले.

दुसऱ्यांदा गर्भ राहून गेला होता. लोकांनी डॉक्टरांची नावं दिली, उपास सांगितले, एकीने नारळ पाठवला. शेजारी येऊन नुसतं बसलं असं कुणी नाही. नवरा चांगला माणूस, पण त्याला शब्द सापडत नव्हते आणि मला तेव्हा त्याची शांतता ऐकू येत नव्हती. बँकेतल्या एका सहकारिणीने सांगितलं, तीन दिवस जाऊन ये, कुणी काही विचारत नाही तिथे. दारात एचआयव्हीची चाचणी झाली, फोटो काढून पास मिळाला, दिवसासाठी मरून रंगाचा झगा आणि संध्याकाळसाठी पांढरा झगा विकत घेतला. पहाटे साडेपाचला थंडीत तो झगा घालून मी बांबूंच्या मधल्या वाटेने चालत होते. आजूबाजूला तसेच झगे घातलेली माणसं, कोण कुठल्या देशाचं, कोण किती शिकलेलं, काही कळायला मार्ग नाही. गळ्यात मंगळसूत्र नाही, हातात पर्स नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी घाबरले.

सहा वाजता 'डायनॅमिक' नावाचं ध्यान. काळ्या पिरॅमिडसारखं भलंमोठं सभागृह, डोळ्यांवर पट्टी. पहिली दहा मिनिटं नाकाने वेडेवाकडे, जोरजोरात श्वास. पुढची दहा मिनिटं आतून जे येईल ते बाहेर काढायचं. मग दहा मिनिटं हात वर करून उड्या मारत 'हू, हू, हू', टाचा जमिनीवर आपटेपर्यंत. मग एकदम 'स्टॉप', आणि जसे असाल तसे पंधरा मिनिटं जागच्या जागी. शेवटची पंधरा मिनिटं नाच. पहिल्या दिवशी त्या दुसऱ्या टप्प्यात माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही. बाजूला कुणी गुरासारखं हंबरत होतं, कुणी उशी बडवत होतं, मी नुसती उभी. दुसऱ्या दिवशी मी रडले. घरी उशीत तोंड खुपसून रडत होते तशी नाही, गावी मयतावर बायका रडतात तशी, हेल काढून. 'स्टॉप' झालं तेव्हा माझे हात वर होते. घाम कोपरापासून बगलेत ओघळत होता, पोटऱ्या थरथरत होत्या आणि डोक्यात एकही शब्द नव्हता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर पायऱ्यांवर बसले, तर एक उंच, साठीची परदेशी बाई आली, काही न बोलता शेजारी बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. ती शांतता खरी होती. आज वीस वर्षांनंतरही मी ती नाकारणार नाही, कुणी कितीही कागदपत्रं पुढे टाकली तरी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सभेत सगळे पांढऱ्या झग्यात. आधी नाच, मग हात उंचावून तीनदा 'ओशो' अशी गर्जना, मग गच्च शांतता, मग पडद्यावर त्यांचं जुनं प्रवचन. तिथे खोकायचं नाही, शिंकायचं नाही, आधीच सांगून ठेवलेलं. माझ्यापासून दोन ओळी पुढे एका म्हाताऱ्या गृहस्थांना ठसका लागला. त्यांनी तोंडावर झग्याची बाही दाबली, मान खाली घातली, पाठ हिसके देत होती. शेवटी कुणीतरी येऊन त्यांना खुणेने बाहेर नेलं. आणि मला काय वाटलं ते लिहिते: मला त्यांचा राग आला. आमची शांतता मोडली म्हणून. रात्री रिक्षाने घरी येताना बंडगार्डनच्या सिग्नलला हॉर्नचा कलकलाट होता, आणि मनात शब्द उमटला, 'ही बाहेरची माणसं'. तीन दिवसांत. घरी नवऱ्याने वरणभात लावून ठेवला होता, आणि तोही मला दारात क्षणभर बाहेरचा वाटला. मी परत गेले नाही ती काही तत्त्व म्हणून नाही. तो शब्द मला सोसला नाही.

मग पुढे मी रजनीशांच्या अमेरिकेतल्या, ऑरेगॉनच्या वसाहतीबद्दल मिळेल ते वाचत गेले. विनोद खन्ना ऐन भरात सिनेमा सोडून तिकडे माळीकाम करायला गेला, एवढंच आपल्या घरांतून बोललं जायचं. १९८१ साली रजनीशांच्या माणसांनी तिथे चौसष्ट हजार एकरांचं माळरान घेतलं. पुण्यातून, युरोपातून, कुठून कुठून माणसं गेली, वकील, डॉक्टर, शिल्पकार. चराईने उजाड झालेल्या जमिनीत त्यांनी राबून बांध घातले, भाज्या पिकवल्या, रस्ते केले, चार वर्षांत एक शहर उभं केलं. रजनीशांच्या त्र्याण्णव रोल्सरॉइस गाड्या सगळ्यांना माहीत असतात. मला त्यातलं दुसरंच एक प्रकरण झोपू देत नाही. १९८४ च्या शरद ऋतूत त्यांनी मोठमोठ्या शहरांत बस पाठवल्या आणि फुटपाथवर झोपणाऱ्या बेघरांना बोलावून आणलं. पलंग दिला, गरम जेवण, स्वच्छ कपडे, रोजची बिअर. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी 'ये' म्हटलं नव्हतं, त्यांना कुणीतरी 'ये' म्हटलं. हेतू होता काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, निवडणुकीत त्यांची मतं मिळवण्याचा. सरकारने नवी मतदार नोंदणी अडवली, तशी ही माणसं नकोशी झाली आणि आसपासच्या गावांत नेऊन सोडून दिली गेली. त्याच निवडणुकीसाठी, तालीम म्हणून, द डॅल्स नावाच्या गावातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू मिसळला गेला. ७५१ माणसं आजारी पडली. कुणी दगावलं नाही, हे त्या गावाचं नशीब.

हे करणारे हात कसे असतील, मी विचार करते. मला ते हात माहीत आहेत असं वाटतं. पहाटे पायऱ्यांवर माझ्या पाठीवर होता, तसाच एखादा असेल. 'आपलं' आणि 'बाहेरचं' यांच्या मध्ये भिंत उभी राहिली की आतल्यासाठी माणूस जीव टाकतो आणि बाहेरच्याच्या ताटात काय पडतं याचं त्याला काही वाटेनासं होतं. मला एका म्हाताऱ्याच्या खोकल्याचा राग यायला तीन दिवस पुरले होते.

ताईच्या परिवारात असं विषबिष काही नाही. तिथे आहे ते लहान, घरगुती. भावोजी २०११ मध्ये गेले. मुलगा बंगळूरला, रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, त्यातली निम्मी मिनिटं "आई, तुझा चेहरा दिसत नाहीये, फोन सरळ धर". त्या वर्षी कुणीतरी तिला गुरुवारी घेऊन गेलं. तीन वर्षांत भावोजींच्या पीएफातली निम्मी रक्कम आणि लग्नातल्या पाटल्या तिथल्या बांधकामाला गेल्या. पावती आहे, सगळं रीतसर. मुलाला कळलं तेव्हा तो सहा महिने बोलला नाही, आणि त्या सहा महिन्यांत तिकडच्या बायका रोज तिच्याकडे येऊन बसल्या. मुलाच्या अबोल्याने तिला घराबाहेर ढकललं, आणि बाहेर हात पसरून कोण उभं होतं ते उघडच आहे. दुसरी एक गोष्ट मात्र मला पैशापेक्षा जास्त लागते. त्यांच्यातली एक बाई काही हिशेब विचारून बाहेर पडली. ती ताईची जिवाभावाची झाली होती, दोघी मिळून लोणची घालायच्या. एकदा साताऱ्यात मी ताईबरोबर बाजारात होते, समोरून ती बाई आली आणि ताई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांचं नाव घेत नाही आम्ही आता." जिला स्वतःचं नाव परत मिळाल्याचं इतकं अप्रूप, ती दुसरीचं नाव पुसत होती.

आणि तरीही २०१६ मध्ये माझी आई दवाखान्यात बावीस दिवस होती तेव्हा रात्रीला कोण होतं? नातेवाइकांचे मेसेज होते, 'काळजी घ्या', 'काही लागलं तर सांगा', हात जोडलेली चित्रं. ताई तिच्या चार बायकांना घेऊन आली. साताऱ्याहून पुण्याला, एसटीने, पाळीपाळीने. आईचे केस विंचरायच्या, तोंड पुसायच्या, बाकावर चादर अंथरून झोपायच्या. पैसे मागितले नाहीत, पुस्तक हातात दिलं नाही, फोटो उशाशी ठेवला नाही. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात. जन्मभर भोंदूगिरीविरुद्ध बोललेले. दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्या ऑगस्टच्या सकाळी दिवसभर पाण्याच्या घोटावर बसून राहिलेले, आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा पेपरातलं कात्रण जपून ठेवलेले. त्या बायकांच्या डब्यातली मुगाची खिचडी त्यांनी दवाखान्याच्या जिन्यात बसून खाल्ली. डबा स्वतः धुतला. मला म्हणाले, "माणसं चांगली आहेत गं. म्हणूनच भीती वाटते."

बाबांची आई माळकरी होती. आळंदी ते पंढरपूर चालायची. बाबा देव मानत नसत, पण आजीची पिशवी तेच भरून द्यायचे, सुईदोरा, गोळ्या, जाड चादर. आजीला मी एकदा विचारलं होतं, तिकडे तुला कुणी ओळखीचं असतं का? ती म्हणाली, "ओळखायचं काय त्यात, सगळ्या माउलीच." हे मी फार गोड करून सांगू नये. त्याच पंढरीच्या देवळाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. माउली म्हणणाऱ्यांचीही एक भिंत होतीच. पण आजीच्या वारीतली एक गोष्ट मला अजून धरून ठेवाविशी वाटते. आषाढी झाली, पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला, की वारी संपते. पाठवून देतात घरी. पाय सुजलेले, चेहरा काळवंडलेला, पिशवीत बुक्का आणि चुरमुरे, अशी आजी दारात उभी राहायची आणि पहिल्यांदा म्हशीची चौकशी करायची. वर्षभराची शांतता ती तीन आठवड्यांत भरून आणायची आणि ती घरातच खर्च करायची. तिला आम्ही कधी बाहेरचे वाटलो नाही.

ताईला फोन करायला मला वाईहून आल्यावर बारा दिवस लागले. रोज ठरवायचे, रोज काहीतरी निघायचं. शेवटी एका संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला केला. "काय गं, काय काम काढलंस?" तिने विचारलं. मी म्हटलं, काम काही नाही. ती गप्प झाली. मग घाईने म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना? बाबांची तब्येत?" बाबा ठीक आहेत, मी म्हटलं, तुझ्याशी बोलायला केला फोन. पुन्हा शांतता. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. मी असं कधीच केलेलं नव्हतं, लहान होते ना मी. ती हसली, म्हणाली, "आईसारखा काढलास आवाज." आणि बोलायला लागली. मावशीच्या घरच्या चुलीबद्दल, त्या चुलीवरच्या दुधाच्या सायीवरून आम्ही केलेल्या भांडणाबद्दल, भावोजी शेवटच्या रात्री काय म्हणाले त्याबद्दल. ते तिने मला आजवर सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सात वाजायला आले असतील. तिच्या मागे कुणाच्या तरी चपला वाजल्या, आणि स्टँडवर ऐकलेला तोच आवाज म्हणाला, "ताई, चला, झाली वेळ." मी म्हटलं, जा तू, आपण उद्या बोलू. तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण पुढचं मला दबलेलं ऐकू आलं. "तुम्ही सुरू करा. बहीण आहे फोनवर."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग घंटा वाजली, झांजा सुरू झाल्या. ताई काही बोलली नाही, मीही नाही. दोघी ऐकत राहिलो.